मशीन ‘नाही’ म्हणालं होतं

सोमवारी यांच्या कारखान्याला सुट्टी असते, त्यामुळे त्या दिवशी घरात टीव्हीचा आवाज जास्त. लेक आतल्या खोलीत कॉटवर लॅपटॉप घेऊन बसली होती. ती शिरोलीकडच्या एका छोट्या कंपनीत लागली आहे, पण अजून कायम झालेली नव्हती. पुढच्या महिन्यात ठरणार होतं. कधी कधी ती घरूनच काम करते.

तिनं मला हाक मारली आणि दार लोटून घेतलं. तिचा चेहरा उतरला होता.

तिचं काम मला थोडंफार माहीत होतं. गावातल्या एका तपासणी लॅबमधून लोकांचे रिपोर्ट डॉक्टरांच्या कॉम्प्युटरवर जातात. वाटेत ते कुणी वाचू नयेत म्हणून त्यांना कुलूप घालून पाठवायचे. तो प्रोग्रॅम हिनं सी नावाच्या भाषेत लिहिला होता.

“कुलपं लई प्रकारची असतात आई. अल्गोरिदम म्हणतात,” ती म्हणाली. “मशीनमधी, म्हंजे कॉम्प्युटरमधी, त्यांची एक यादी असते. माझा प्रोग्रॅम मशीनला एका कुलपाचं नाव घेऊन विचारतो, हे तुझ्याकडं हाय काय? असलं तर मशीन त्याचा नंबर देतंय, किल्ली किती लांबीची लागती ते सांगतंय. नसलं तर काहीच देत न्हाई. रिकामं.”

“मग?”

“लॅबनं दिवाळीनंतर नवं मशीन घेतलं. त्याच्या यादीत ते नावच न्हाई. मशीन दर वेळेला रिकामं द्यायलंय. तिथं मी ‘थांब’ म्हणून लिहायला पायजे होतं. मी लिहिलो, ‘पुढं जा’.”

मला चटकन कळलं नाही. ती खाली बघत म्हणाली, “दिवाळीपासनं सगळे रिपोर्ट उघडेच गेल्यात.”

आमच्या घरात ‘नाही’ म्हणायची पद्धत नाही. बांगडी फुटली तर ती वाढली म्हणायचं. डब्यातलं पीठ संपलं तर पीठ उदंड झालंय म्हणायचं. सासूबाईंनी मला हे शिकवलं आणि मी लेकीला. लहान असताना तिला कोपऱ्यावरच्या दुकानात पाठवलं, तर तिनं जाऊन सांगितलं, “गूळ उदंड झालाय.” दुकानदार नवा होता. तो म्हणाला, “मग बरं हाय की, जा घरी.” ती रिकाम्या हातानं परत आली आणि आम्ही किती तरी दिवस हसत होतो. आता ते आठवलं, पण हसू आलं नाही. रिकाम्याला रिकामं म्हणायचं नाही, हे तिच्या हाडात मीच घातलं की काय, असं वाटून गेलं.

“कुणाला कळलंय काय?” मी विचारलं.

“न्हाई. डॉक्टरांकडं रिपोर्ट नीट पोचतात. त्यांना काय कळणार?”

“मग गुपचूप नीट कर आणि सोड. बोलायचं कशाला? नोकरी जाईल.”

“आणि कोण वाचलं असंल तर?”

“कोण वाचतंय गं लोकांचं रक्त-लघवीचं?”

तिनं लॅपटॉप बाजूला सरकवला. मग म्हणाली, “तुझाबी त्यातच हाय.”

पाळी जाऊन बरीच वर्षं झाल्यावर मला पुन्हा अंगावरून जायला लागलं होतं. हिनंच मला डॉक्टरीणबाईंकडं नेलं. तपासायला पाठवलेलं त्याच लॅबकडं गेलं होतं. यांना मी अशक्तपणाचं सांगितलं होतं. दुसऱ्या तपासणीची तारीख अजून यायची होती. डॉक्टरीणबाईंसमोर तोंड उघडायलाही मला किती वेळ लागला होता, आणि ते सगळं उघड्यावरून गेलं होतं. मी पदर ओढून घेतला. खोलीत आम्हा दोघींशिवाय कुणी नव्हतं.

गप बस, असं मला पुन्हा म्हणता आलं नाही. सांग, असंही म्हणवेना. तिनंच कंपनीतल्या सरांना फोन लावला.

“सर, माझ्याकडनं चूक झालीय.”

ती सांगत होती. पलीकडचा आवाज मोठा होता, मला ऐकू येत होता. “आणि हे आता सांगतीस?”

“आजच सापडलं सर.”

बाहेरून हे ओरडले, “कुणाशी भांडायलीयस गं? टीव्ही ऐकू येईना.”

“कामाचं बोलायलोय पप्पा.”

सरांनी तिला लगेच बोलावलं. जाताजाता ती रिपोर्ट पाठवणं बंद करून गेली. “सुट्टीदिवशी कुठं पळाली?” यांनी विचारलं. मी म्हणाले, काम आलंय. दुपारभर मी नुसती भांडी इकडची तिकडं करत होते.

ती परत आली तेव्हा ऊन कललं होतं. हे मागच्या दारी गाडी धूत होते.

“काढलं न्हाई,” ती म्हणाली. “पण कायम करायचं आता बघू म्हणाले. लॅबवाल्यांना मलाच सांगायला लावलं. त्या मॅडम लई बोलल्या.”

“बोलू देत.”

“बरोबर बोलल्या. ज्यांचे रिपोर्ट गेल्यात त्या सगळ्यांना त्या उद्यापासनं फोन करणार हैत.”

ती तोंड धुवायला गेली आणि मी तिथंच उभी राहिले. दवाखान्यात लॅबच्या फॉर्मसाठी मोबाईल नंबर विचारला तेव्हा मी यांचा दिला होता. मला माझा पाठ नाही. लेकीनं लॅबला सांगितलं असतं तर त्यांनी नंबर बदलून घेतला असता. पण आजच्या दिवशी तिला आणखी एक गोष्ट लपवायला सांगणं मला जमलं नाही.

मागच्या दारी गेले. यांनी नळ सोडलेलाच होता.

“अहो, नळ बंद करा. एक सांगायचं हाय.”

“सांग की, ऐकू येतंय.”

“न्हाई, बंद करा.”

यांनी नळ बंद केला. मी मान वर न करता अशक्तपणाचं खोटं होतं हे सांगितलं, आणि खरं काय तेही सांगितलं. हे फडकं हातात धरून उभे होते.

“कधीपासनं होतंय हे?” यांनी विचारलं.