बिनवासाची वडी

आमच्याकडे झिजलेल्या साबणाची चिपटी कुणी टाकत नाही, नव्या वडीला चिकटवतात. किश्शांचंही तसंच. बेंगळुरूहून शिकून मी धसईला परतले, संध्यावहिनीसाठी साबण शोधायला लागले, आणि तेव्हापासून एकावर एक नुसते चिकटत चाललेत!

संध्यावहिनी म्हणजे माझ्या चुलतभावाची, दिलीपदादाची बायको. ती आणि तिची जाऊ वैशाखऱ्याच्या रस्त्यावर, घाटात जाणाऱ्यांना तांदळाच्या भाकऱ्या करून विकतात. वहिनीचे हात खाजून खाजून लाल झाले, तशी जाऊ म्हणाली, "गिऱ्हाईक भाकरी नाय, हात बघतं. बरे होईस्तोवर तू भांडी घास!" तिच्यासारखी भाकरी आमच्याकडे कुणाला थापता येत नाही, आणि ती भांडी घासतेय! मला स्वस्थ बसवेना.

*

मुरबाडच्या डॉक्टरांनी मलम दिलं, वर बजावलं, "साबण सौम्य हवा, बिनवासाचा."

बाजारात दुकानदाराने माझ्यापुढे गुलाब, चंदन, मोगरा सगळं मांडलं. "बिनवासाचा?" तो म्हणाला. "मग माणसानं अंघोळ केली हे दुसऱ्याला कळायचं कसं?"

*

मिळेल त्या साबणाचं पाणी करून मी वहिनीच्या ओट्यावर कागदी पट्ट्या बुडवत बसले. साबण किती तीव्र ते पट्टीच्या रंगावरून कळतं, हे मी सगळ्यांना तावातावाने समजावत होते. वहिनीची सासू, म्हणजे आमची काकी, निळी पट्टी बघून घाबरलीच.

"अगो, साखर किती निघाली?"

*

दिलीपदादा वाशिंदला कंपनीत आहे. त्याला म्हटलं, तिकडून लहान बाळांचा साबण आण. पठ्ठ्या तो हातात मिरवत धसईच्या स्टँडवर उतरला! तो घरी पोचायच्या आधी बातमी पोचली. दारात काकी मीठमोहऱ्या घेऊन उभी!

वहिनी कपाळाला हात लावून म्हणाली, "आता तो मी लावायची नाय म्हंजे नाय!"

*

शेवटी कल्याणला हवा तसा साबण मिळाला. पुढच्या खेपेला बघते तर हात तसेच.

"लावते ना, वन्सं," वहिनी म्हणाली. "पण त्याला फेस कुठाय? आधी तुमचा लावते, मग आमच्या कपड्यांच्या साबणानं स्वच्छ धुते!"

मी हात जोडले. "वहिनी, फक्त हाच लाव गो!" ती म्हणाली, "बरं."

*

परवा गेले. भाकऱ्या जाऊच थापतेय, वहिनी अजून भांड्यांवरच. मी काही विचारायच्या आत तिने बादली भरली आणि कपाटातून स्टीलचा डबा काढला. आत कल्याणची वडी. कडा जेमतेम झिजलेल्या, वरची अक्षरं अजून ठसठशीत!

"एवढा चांगला साबण घरात कोण झिजवतं? पाव्हण्यांना ठेवलाय. घ्या, हात धुवा."

"मी पाहुणी आहे का? आणि तुझे हात?"

तिने दगडावरची कपड्यांची निळी वडी उचलली आणि मनगटापर्यंत खसाखसा घासली.

"माझं काय! तुमी शहरात राह्यलेल्या, वन्सं. तुमच्या नाजूक कातडीला आमचा साबण झेपायचा नाय!"