व्हॉल्व्हवरचा हात

माझं काम ऐकायला कंटाळवाणं आणि करायला त्याहून. तारापूर एमआयडीसीतल्या एका कंपनीच्या पंपांची मॅन्युअलं मी तयार करतो. मजकूर एक्सएमएल नावाच्या संगणकी साच्यात एकदाच लिहायचा आणि त्यातूनच छापील पुस्तक, वेबसाइटची पानं आणि मोबाइलची आवृत्ती काढायची. फोटो मजकुरात चिकटवलेले नसतात. ते एका फोल्डरमध्ये असतात, मजकुरात फक्त फाइलचं नाव. त्या नावाची जी फाइल सापडेल, ती तिन्ही ठिकाणी जाऊन बसते. नाव बदललं की तिन्हीकडे रिकामा चौकोन. म्हणून नाव बदलायचं नाही, एवढा एक धर्म मी इमानाने पाळला.

त्या फोल्डरमध्ये एक फोटो माझ्या बायकोच्या हाताचा होता.

काही वर्षांपूर्वी एक मॅन्युअल दुसऱ्या दिवशी छापायला जायचं होतं, कंपनीला सुट्टी होती आणि व्हॉल्व्ह फिरवून दाखवायला कोणीच नव्हतं. मी तिला बोईसरहून रिक्षाने बोलावलं. ती एडवणची, वाडीत पाण्याचा पंप चालवत वाढलेली, यंत्राला बुजणारी नव्हे. "बांगड्या नाय काढणार हां," तिने आधीच बजावलं. मग त्या कोपराकडे सरकवून रबरबँड लावला आणि फोटो मनगटापर्यंतच घेतला. "तोंड नाय ना येत? मग काढा किती पण," म्हणाली.

ती जाऊन दोन वर्षं झाली. घरातल्या प्रत्येक फोटोत तिने मान तरी फिरवलीय, नाहीतर पदर तरी पुढे ओढलाय. हा एकच तिने मोकळेपणाने काढू दिला होता. जेवणाच्या सुट्टीत बाकीचे कॅन्टीनला जात. मला बोलावणं त्यांनी हळूहळू सोडलं होतं, आणि दोष त्यांचा नव्हता. मी डबा उघडून तो फोटो मोठा करून पाहायचो. अंगठ्याखालचा विळीचा व्रण दिसायचा, नखातली हळद दिसायची. मग जेवण जायचं.

यंदा तक्रार आली की मोबाइलवर मॅन्युअल उघडायला फार वेळ लागतो. फोटो जड होते. रीत अशी, की मूळ फोटो जपून ठेवायचे आणि मोबाइलसाठी छोट्या प्रती वेगळ्या काढायच्या. मी शहाणपणा केला. एका कमांडने सगळे फोटो बारीक केले, त्याच नावांनी, मूळ फाइलींवरच. मोबाइलवर सगळं झकास दिसलं. आठवड्याने छपाईची फाइल काढली, तर पान न् पान धुरकट. बॅकअप उघडला. तिथे रोज जुन्यावर नवं चढत गेलं होतं, त्यामुळे तिथेही बारीकच. पंपांचे फोटो पुन्हा काढता आले असते. तिचा हात कुठून आणणार होतो? पन्नाशी उलटलेला मी माणूस, ऑफिसच्या बाथरूममध्ये कडी लावून रडलो.

ऑफिसात जुनी छापील प्रत उरली नव्हती, ती शोधत मी आमचे पंप असलेल्या एका कारखान्यात गेलो. तिथला ऑपरेटर डोंगराकडच्या गावचा. त्याने ते पान प्लॅस्टिकमध्ये घालून पंपाशेजारी भिंतीवर लावलं होतं. "इंग्रजी नाय येत वाचता. ह्यो हात बघूनच आमी शिकलो," तो म्हणाला. "कोनाचा हाय?"

"ऑफिसातल्या एका बाईंचा," मी म्हणालो. का खोटं बोललो, कोण जाणे.

त्याने पान काढून दिलं. घरी स्कॅन केलं, तर नुसते छपाईचे ठिपके. मोठं करावं तसे ठिपकेच मोठे होत गेले, व्रण काही दिसला नाही. दुसऱ्या दिवशी पान नेऊन त्याच्या हातात दिलं. त्याने ते लगेच जागेवर लावलं.

छपाईची तारीख माझ्यासाठी थांबणार नव्हती. सुट्टीच्या दिवशी रिकाम्या शेडमध्ये कॅमेरा स्टँडवर ठेवला, टायमर लावला आणि व्हॉल्व्हवर स्वतःचा हात ठेवला. फाइलला जुनंच नाव दिलं. पुस्तकात, वेबसाइटवर, मोबाइलवर, जिथे जिथे ती होती तिथे तिथे मी जाऊन बसलो. तिला मीच पुसलं, असं मला तेव्हा वाटलं आणि अजून वाटतं.

तपासणाऱ्या इंजिनीअरचा शेरा आला: "हाताने व्हॉल्व्ह फार आवळून धरला आहे. हलका धरावा. फोटो पुन्हा घ्या."

तीनदा घेतला. तिन्ही वेळा तसाच आला.