न उघडलेला डबा

मामा गेल्याचा मामीचा फोन आला तेव्हा मी मेट्रोत होते. सकाळी चहा घेताना, खुर्चीतच… फोन ठेवल्यावर आधी आठवला तो त्यांनी आदल्या दुपारी पाठवलेला फोटो. तेलाच्या पिवळ्या डब्याचं लेबल, आणि खाली, "ट्रॅक्टरला हे चालेल का? वाचून सांग." मी तो पाहिला होता. मीटिंग संपली की सांगू म्हटलं, आणि राहून गेलं. मी पाहिल्याच्या दोन निळ्या खुणा त्यांना दिसल्या असणार.

मामा फौजेत गाड्या दुरुस्त करायचे. निवृत्तीनंतर फरीदाबादलाच राहिले, रोपवाटिका काढली, छोटा ट्रॅक्टर घेतला. त्याचं मॅन्युअल इंग्रजीत, म्हणून मी शाळेत असल्यापासून ते वाचायचं काम माझं. पाहुण्यांसमोर माझ्या तोंडून शब्द फुटत नसे. पण शेडमध्ये मामा म्हणायचे, "मोठ्याने वाच गं कॉन्व्हेंट, इंजिन चालू आहे." मी एक वाक्य वाचून थांबायचे, ते तेच मराठीत म्हणायचे, मग पुढचं. तेलाचं पान आम्हाला पाठ झालं होतं. छोट्या ट्रॅक्टरमध्ये गिअर, अवजारं उचलणारी मागची लिफ्ट आणि ब्रेक एकाच तेलात बुडालेले असतात. "तीन जावा, चूल एक," मामा म्हणायचे. "तेल चुकलं की तिघी भांडतात."

एकदा बिरजू माळ्याने साधं हायड्रॉलिक तेल ओतलं. "रंग तो वही है, फौजी साब!" ब्रेक दाबला की ट्रॅक्टर कण्हायला लागला. मामा ओरडले नाहीत. "रंग तो शरबत का भी वही है, बिरजू. वो भी डाल दे." सगळं तेल काढायला लावलं, आणि तेव्हापासून नियम झाला… मॅन्युअलमधला तेलाचा नंबर डब्यावर सापडल्याशिवाय सील तोडायचं नाही.

तेराव्याला मामी सहज बोलून गेली, "संध्याकाळभर फोन बघत होते. म्हणाले, पोरगी कामात असेल." तो फोटो मोठा करून बघायचं धाडस मला झालं नाही.

गेल्या रविवारी शेडमध्ये गेले. ट्रॅक्टरशेजारी पिवळा डबा तसाच होता, सील शाबूत. वर मॅन्युअल, तेलाच्या पानावर उघडं. मागून बिरजू आला. "दीदी, डाल दूँ? साब बोले थे, बिटिया का जवाब आने दे."

मी डबा फिरवून सगळ्या बाजूंनी पाहिला. सर्व ट्रॅक्टरांसाठी उत्तम, एवढंच मोठ्या अक्षरांत. आमचा नंबर कुठेच नव्हता.

"नहीं भैया. ये नहीं चलेगा. वापस कर दो."

तो डबा घेऊन गेला. मी मॅन्युअल उचललं आणि ते पान पहिल्या ओळीपासून वाचायला घेतलं. इंजिन बंद होतं, तरी मोठ्याने. एक वाक्य वाचलं आणि सवयीने थांबले… मामांना ते मराठीत म्हणायला लागायचा, तेवढा वेळ.