टेबलाजवळची खाट

"हात."

एवढंच म्हणायची. पोर आईच्या कडेवर असो की पदराखाली, ती पुढं यायची, पोराचा तळहात उताणा करायची, आईच्या तळहाताला लावून धरायची आणि दोन्हींकडे आळीपाळीनं बघायची.

तुम्ही तिथं दारात उभे असता तर तुम्हालाही वाटलं असतं, बाई भविष्य सांगते. एका अत्तरवाल्या चाचांनी नातवाला भरती केल्यावर स्वतःचाच हात पुढं केला. "सिस्टर, मेरा भी देखो." तिनं बघितला. "लाल आहे, चाचा. अजून वीस वर्षं सुनेला त्रास द्याल." चाचा खूश होऊन बाहेर सगळ्यांना सांगत सुटले.

जळगावच्या एका दवाखान्यात ती मुलांच्या वॉर्डाची सिस्टर होती. मूळची धुळ्याची. स्वातंत्र्य मिळून फार वर्षं झाली नव्हती तेव्हाची ही गोष्ट. पावसाळा सरत आला की चोपडा-यावलकडून येणाऱ्या बसमधून हिवतापाची पोरं उतरायची. ती दिवसभर खाटांमधून फिरत असायची. जेवायची तीही उभ्यानं, खिडकीत डबा ठेवून. आयांची नावं तिच्या लक्षात राहत नसत, ती गावावरून हाक मारायची. "ए यावल, पोराला पाणी पाज. ए वरणगाव, रडू नकोस, पोर बघतंय तुझ्याकडे."

तापाला तिच्या लेखी किंमत नव्हती. "ताप सगळ्यांनाच आहे. त्यावरून कोण जगणार ते मला कसं कळेल?" तळहात बघायची तो अंगात रक्त किती उरलंय त्यासाठी. मग बोटांची पेरं पोराच्या छातीच्या हाडावर जोरात घासायची आणि पोर हात झटकतं का ते बघायची. आया तिला कसाईण म्हणत. यावलच्या केळीच्या मळ्यातल्या एका पोरानं तिला आईवरून शिवी हासडली. त्याच्या आईनं लाजेनं तोंड झाकलं. सिस्टर हसायला लागली. "वा रे वाघा! डोकं ठिकाणावर आहे. हा घरी जातो." आणि खरंच गेला.

कोणी विचारलं "वाचेल का", तर ती सांगून टाकायची. "जाईल घरी." नाहीतर, "अवघड आहे." डॉक्टरसुद्धा आले की आधी तिच्याकडे बघायचे. अवघड असलेलं पोर ती स्वतः उचलून आपल्या टेबलाजवळच्या खाटेवर आणायची. त्या खाटेवरची बरीच पोरं मरत. साहजिक होतं. पण ते साहजिक आहे हे आम्हा आयांना कळत नव्हतं.

आम्ही तेव्हा चोपड्याला राहायचो, माझी सुमन चार वर्षांची होती. भुलाबाईचे दिवस, पोरी घरोघर गाणी म्हणत फिरत होत्या आणि ही तापानं पडलेली. दवाखान्यात न्यायचं ठरलं तेव्हा शेजारीण आली. तिचं पोर त्याच वॉर्डात दगावलं होतं. ती म्हणाली, "ती बाई हात देखस. हात वाईट निंघना का टेबलजोडेनी खाट. तठून पोर पाछं येत नही."

घरात भुलाबाईची मेंदी वाटलेली होती. मी त्याच संध्याकाळी सुमनच्या दोन्ही तळहातांवर थापली. रेषाच दिसल्या नाहीत तर बाई वाचेल काय, हा माझा हिशेब.

सकाळी दवाखान्यात सिस्टर म्हणाली, "हात." आणि थांबली.

"हे काय?"

"भुलाबाईनी मेंदी शे, बाई."

"कधी लावली?"

"आठ दिन व्हयी ग्यात," मी म्हणाले. कालची म्हटलं तर तिला संशय येईल म्हणून, डोळ्याला डोळा भिडवून म्हणाले.

तिनं पापणी खाली ओढली. सुमनचे डोळे आलेले होते, आत लालच दिसलं. छातीवर पेरं घासली, सुमननं हात झटकला. पाठीमागं आणखी चार आया उभ्या होत्या. सिस्टरनं खिडकीकडची लांबची खाट दिली. मी मनात भुलाबाईला हात जोडले.

दुपारी ती आमच्या खाटेपाशी येऊन उभी राहिली. गेली. परत आली. "ही नाकपुड्या अशा का फुगवते?" मी म्हणाले, झोपेत करते कधी कधी. ती अर्ध्या वॉर्डापर्यंत गेली आणि वळली. या वेळी तिनं सुमनचं तोंड उघडून खालचा ओठ बाहेर ओढला. आतली बाजू कागदासारखी पांढरी होती. मी तोवर बघितलीच नव्हती.

"चोपडा, मेंदी कधी लावलीस?"

"काल."

ती ओरडली नाही. सुमनला उचलून चालायला लागली, टेबलाच्या दिशेनं. मी मागून तिचं लुगडं धरलं. "त्या खाटवर नका टाका, बाई! मनी पोर मरी जाई!"

"मारायचं असतं तर इथंच मारली असती. तिथवर कशाला ओझं वाहू?" ती म्हणाली. "जी जास्त आजारी तीच पोरं मी जवळ ठेवते गं. नजर हलू नये म्हणून. सोड लुगडं, डॉक्टरांना बोलावायचंय."

डॉक्टरांनी बाहेर थांबलेल्या सुमनच्या बापाचं रक्त तपासलं, जुळलं, बाटलीत काढलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ते चढत असतानाच सुमन गेली. बाटली अर्धी भरलेली होती.

पुढच्या वर्षी नवरा जळगावला कापसाच्या जिनात कामाला लागला आणि आम्ही तिथंच राहायला आलो. मी काम मागायला त्याच वॉर्डात गेले. दुसरं कुठं काही माहीत नव्हतं.

"चोपडा," तिनं लगेच ओळखलं. "काय येतं तुला?"

"झाडलोट. चौथी शिकलेय."

"आणि खोटं बोलायला येतं."

"येतं," मी म्हणाले.

"मग दारात उभी राहा. पोरांचं मी बघते, आयांचं तू बघ."

तसं मी सात वर्षं केलं. भगताकडून पोटावर डाग देऊन आणलेली पोरं, आणि तो डाग लपवायला घट्ट बांधलेली फडकी. "तापाला दोनच दिवस झाले" म्हणणाऱ्या, ज्यांच्या पोरांची जुन्या तापानं सुजलेली पानथरी पोटात डावीकडे हाताला लागत होती. एकही माझ्या नजरेतून सुटली नाही. टेबलाजवळच्या खाटेवरून भांडणाऱ्या बाईला मी आधी समजावायची, ती ऐकायची नाही. मग मी सुमनचं सांगायची. तेव्हा ती पोराला सोडायची. किती जणींना सांगितलं, मोजलं नाही. सांगताना मी रडत नसे, त्यामुळं त्यांना खरं वाटायचं.

एकदा सुया उकळत ठेवताना मी सिस्टरला विचारलं, "बाई, सुमनचं तुम्हाला सकाळीच कळलं असतं, तर वाचली असती?"

"माहीत नाही."

प्रत्येक खाटेचं सांगणारी बाई. मी म्हणाले, "तुम्हाला माहीत नाही असं कधी झालंय?"

"पाणी आटलं बघ," ती म्हणाली आणि वॉर्डात निघून गेली.

नंतर गावोगावी फवारणीवाले फिरू लागले. बसमधून उतरणारी पोरं कमी झाली आणि तिची बदली धुळ्याला झाली. मी तिची ट्रंक घेऊन स्टँडवर गेले. ती बसमध्येही नीट बसेना, अर्धी उठून खिडकीतून वॉर्डाचंच सांगत होती. अमक्या पोराला उद्या डॉक्टरांना दाखव, तमकीला घरी जाऊ देऊ नकोस. कंडक्टरनं घंटी मारली. तेव्हा ती एकदम म्हणाली,

"चोपडा, सकाळीच कळलं असतं तर निम्मी आशा होती. जास्त नाही, कमी नाही."

बस निघाली.

मला त्या वेळी तिचा राग आला. 'माहीत नाही' एवढ्यावर ठेवलं असतं तर तिचं काय गेलं असतं? पुढं तो राग राहिला नाही. दुसऱ्या आयांना ती जे सरळ उत्तर द्यायची तेच तिनं मला दिलं, फक्त उशिरा. पण एक विचारायचं राहिलं. तिनंही त्या सकाळी ओठ उलटून बघितला नव्हता. ते निम्मं ती स्वतःच्या नावावर धरत होती की माझ्या?

धुळ्याला रोज बस जायची. मी कधी बसले नाही. मग ती वारल्याचं कळलं.