बुश गोल होता का?

धोंडप्पा तपासनीस झाला तेव्हा गावाकडे, मैंदर्गीला, त्याच्या अव्वाने शेजारणींना सांगितलं, "माझा पोरगा आता काही करत न्हाय. दुसऱ्यांनी केलेलं नाकारतो." तिने हे अभिमानाने सांगितलं. कारखान्यातले लोकही तेच म्हणत, फक्त अभिमान वगळून.

सोलापुरात सात रस्त्याजवळचा तो कारखाना गिरण्यांच्या यंत्रांचे सुटे भाग करायचा. धोंडप्पाचा ठसा पडल्याशिवाय एकही भाग दाराबाहेर जात नसे. त्याचं कुणाशी फारसं वाजलं नाही. भाग बसायचा, नाहीतर बसायचा नाही. भांडायला जागाच नव्हती.

एकोणीसशे तेहतीसच्या उन्हाळ्यात पितळी बुश आले आणि जागा झाली. बुश म्हणजे यंत्राचा दांडा ज्यात फिरतो ती पातळ बांगडी. ते लेथवर, म्हणजे भाग फिरवत कापणाऱ्या यंत्रावर, कापले होते नागप्पाने. नागप्पा धोंडप्पाचा मेहुणा, त्याच्या बायकोचा, काशम्माचा, धाकटा भाऊ. फोरमन करजगीकरांनी आधीच सांगून टाकलं होतं, हे बुश पास झाले तर नागप्पा लेथवर राहील, नाहीतर परत भट्टीवर कोळसा ओढायला.

धोंडप्पाने गेज उचलला. गेज म्हणजे नेमक्या मापाचा पोलादी दट्ट्या. तो बुशात आपल्या वजनाने उतरला पाहिजे. उतरला नाही. दुसऱ्या बुशात नाही, तिसऱ्यातही नाही.

"तेल लावा की दाजी," नागप्पा म्हणाला.

"लावलंय."

"मग जरा जोर लावा."

"जोरच लावायचा तर हातोडा आणतो की."

नागप्पाने आतलं माप घ्यायचा मायक्रोमीटर आणला आणि बुशात आडवा धरला. "हितं बगा. आता हितं. आता फिरवून हितं. कुटं कमी हाय, सांगा."

कुठंच कमी नव्हतं. धोंडप्पाने स्वतः मोजलं. कुठूनही मोजा, व्यास बरोबर. त्याने कपाटातला दुसरा गेज काढला. तोही उतरेना. मग तो बुश घेऊन करजगीकरांकडे गेला.

करजगीकरांनी विलायती प्रमाणांचं पुस्तक उघडलं. त्यात या बाबतीत एकच ओळ होती.

"व्यास या दोन आकड्यांच्या आत असावा. आहे ना आत? मार ठसा."

"साहेब, व्यास आत हाय, पर गेज आत जाईना. मग दांडा कसा जाईल?"

"दांड्याचं यात काही लिहिलेलं नाही."

"पर लिहिणाऱ्याच्या मनात काय असंल?"

"आता ते त्याला तार करून विचारू का?" करजगीकर म्हणाले. "उद्या संध्याकाळपर्यंत निकाल लाव."

संध्याकाळी जेवताना धोंडप्पाने शेंगाची चटणी मागितली. काशम्मा म्हणाली, संपली. वाडगा समोरच होता, भरलेला.

"साऱ्या सोलापुरात तुमाला माझाच भाऊ गावला व्हय?"

"मी न्हाय, गेज नको म्हंतोय."

"मग गेजालाच वाढते उद्यापासनं."

सकाळी नागप्पाने त्याच्या हातातून गेज ओढूनच घेतला. नवी बांगडी लेथच्या चकात धरली. चकाचे तीन जबडे तिला तीन बाजूंनी पकडतात. त्याने आतून कापून माप आणलं आणि बांगडी चकात असतानाच गेज आत सरकवला. लोण्यात सुरी जावी तसा गेला.

"आता बोला, दाजी."

आजूबाजूचे लेथ थांबले. धोंडप्पा म्हणाला, "काढून दे."

नागप्पाने गेज तसाच ठेवून चक ढिला केला आणि बुश हातात घेतला. गेज निघेना. ओढला, पिळला, निघेना. बांगडीने त्याला धरून ठेवलं होतं. पुन्हा चकात घालून आवळली, तर गेज अलगद बाहेर.

धोंडप्पाचं लक्ष चकाच्या चावीकडे गेलं. तिच्या दांडीवर हातभर लांबीची लोखंडी नळी चढवलेली होती.

"नळी कशाला?"

"आवळायला."

"बांगडी हाय ती, नागप्पा. उसाचा चरक न्हाय."

नळीने आवळली की पातळ बांगडी तीन जागी दबायची. दबलेली असताना नागप्पा तिला गोल कापायचा. सोडली की पितळ आपल्या जागी परत यायचं आणि आतला गोल बिघडायचा. तीन फुगवटे, आणि प्रत्येकाच्या नेमक्या समोर दबलेला भाग. म्हणून आडवं माप कुठूनही सारखंच भरायचं, आणि गोल गेज मात्र दबलेल्या भागांवर अडायचा.

"मग हलकी आवळ."

नागप्पाने नळी काढली. चावी धरली आणि हात तिथेच थांबले.

"पल्याडच्या लेथवरल्या कोंडीबाच्या चकातनं सैल आवळलेला जॉब उडाला तवा मी शेजारी व्हतो," तो खाली बघत म्हणाला. "त्याचा गाल दाजी, हितून हितवर."

धोंडप्पाची सहनशक्ती तिथे संपली. आधी पुस्तक, मग चटणी, आणि आता हे. तो लेथला वळसा घालून, चकातला जॉब, म्हणजे कापायचा भाग, उडाला तर ज्या बाजूला येईल त्या बाजूला जाऊन उभा राहिला.

"सरका की दाजी."

"तू काप."

"उडालं तर?"

"तर तुझ्या बहिणीला तूच सांग."

नागप्पाने हलक्या हाताने आवळलं. केसाएवढा बारीक कीस काढत राहिला. एका बांगडीला एरवीच्या तीन बांगड्यांचा वेळ लागला. धोंडप्पा हलला नाही. मात्र कापणाऱ्याला शिव्या देत राहिला, मग चकाला, मग विलायतेला. बांगडी सुटून आली. गेज तिच्यात आपल्या वजनाने उतरला. धोंडप्पाने ठसा मारला.

करजगीकरांनी नागप्पाला लेथवर ठेवलं.

"पर दाजी," नागप्पा म्हणाला, "पुस्तकापरमानं पैले बी बरोबरच व्हते की."

धोंडप्पाने करजगीकरांकडे पाहिलं. करजगीकरांनी मान डोलावली. "तसं बघितलं तर होतेच."

धोंडप्पाने पहिल्या बुशांची पाटी डोक्यावर घेतली, वाटेतल्या कुणाला हात लावू दिला नाही, आणि भट्टीपाशी नेऊन वितळवायच्या भंगारात स्वतःच्या हाताने उलटी केली.