चूलबंद आवतन

आईच्या तेरवीचा निरोप मी हट्टाने व्हॉट्सअ‍ॅपवर टाकला नाही. हिंगणघाटच्या आमच्या गल्लीत दारोदार फिरून तिच्याच शब्दांत सांगितलं, "उद्या चूलबंद आवतन हाय." म्हणजे घरातल्या सगळ्यांनी जेवायला यायचं, त्या दिवशी घरी चूल पेटवायची नाही. आई जन्मभर असंच बोलवायची. ती गेली, निदान तिचे शब्द तरी राहावेत, एवढंच मनात होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या.

दुसऱ्या दिवशी घरटी एकच माणूस आला. पंगत अर्धी रिकामी, आणि गल्लीभर कुकरच्या शिट्ट्या. माझं डोकंच फिरलं. शेजारची सून माझीच जुनी विद्यार्थिनी. तिला दारातच विचारलं, "काऊन वं, तुले चूलबंद सांगतलं नव्हतं?"

ती गोंधळली. मग हळूच म्हणाली, "सर, त्याचा अर्थ आता कोणाले माहीत हाय? वर्गात आवतन म्हटलं, तर तुमीच उभं करत होते. निमंत्रण म्हण, म्हणत होते."

नोकरीत तेवढं एक काम मी तीस वर्षं मन लावून केलं होतं.