जीपच्या बदलांची यादी

जुन्या शब्दकोशात आज ग्रीसचा डाग पडलेला एक कागद सापडला आणि उस्मानपुऱ्यातले सलीमभाईंचे गॅरेज आठवले. पंचेचाळिसाव्या वर्षी गाडी शिकलेला मी जीपच्या बदलांची ही यादी घेऊन तिथे गेलो होतो: रुंद टायर, उंच स्प्रिंगा. त्यांच्या बळावर मला पावसाळ्यात वैजापूरकडे बहिणीच्या शेतापर्यंत पोहोचायचे होते.

"सर, रुंद टायरला काळी माती लई चिकटती," सलीमभाई हसले. "बारीक टायर चिखल कापून खालची घट्ट जमीन धरतंय. याच मापाचे, खोल नक्षीचे घ्या. बाकी पैशाचं डिझेल भरा अन् रोज चालवा."

त्यांचे ऐकून महिनाभर रोज चालवल्यावर जीप चिखल तुडवत बहिणीच्या बांधाशी थांबली. आज यादी वाचताना जाणवते, जीपमध्ये काय काय बदलायचे ते सगळे तिच्यात नेमके लिहिले होते. फक्त माझे नाव राहिले होते.